सिबिलची पंचवीस वर्षं आणि वऱ्हाडातला कर्जदार

क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो इंडिया लिमिटेड ही कंपनी ऑगस्ट २००० मध्ये मुंबईत निघाली. स्टेट बँक आणि एचडीएफसी यांचा प्रत्येकी ४० टक्के हिस्सा होता. डन अँड ब्रॅडस्ट्रीट आणि ट्रान्सयुनियन या दोन परदेशी कंपन्यांकडे प्रत्येकी १० टक्के होते. अमरावती-अकोल्यात तेव्हा तिचं नाव कुणी ऐकलं असण्याचं कारण नव्हतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची एक बातमी देशभर छापून आली. लग्न जवळपास ठरलं होतं. मुलीच्या मामाने मुलाचं सिबिल पाहायचा आग्रह धरला, त्यात निरनिराळ्या बँकांची कर्जं आणि कमी गुण निघाले, आणि सोयरीक मोडली. कर्ज देणाऱ्यांनी कर्ज देणाऱ्यांसाठी काढलेली ही नोंद-कंपनी पंचवीस वर्षांत आपल्या घरच्या बैठकीपर्यंत येऊन पोहोचली.

तिची वाटचाल वऱ्हाडातून मांडायची ती याच कारणाने. सिबिलची भीती इथे गावोगाव पोहोचली आहे. ती नोंद स्वतः पाहण्याचा आणि चुकली असेल तर दुरुस्त करून घेण्याचा कायदेशीर हक्क मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. खरीप तोंडावर आला की बँकेच्या ओट्यावर एकच तक्रार ऐकू येते: ‘पैसे त भरले ना भाऊ, मंग सिबिल कायले खराब?’ या प्रश्नाला नेमकं उत्तर असतं. पण ते अहवालाच्या पानावर लिहिलेलं असतं, आणि ते पान कर्जदाराने पाहिलेलंच नसतं.

कर्जदाराची पत ओळखायची कशी, हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव मिळाला आणि मुंबईत सट्ट्याला ऊत आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. शेअर तारण ठेवून बेधडक कर्जं वाटलेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. त्याच नावाने निघालेली नवी बँक पुढे १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये स्टेट बँकेत विलीन होत गेली. सिबिलच्या पायाभरणीत स्टेट बँक होती, तेव्हा कर्जदाराची माहिती नसली तर काय होतं याची आठवण तिच्या घराण्यातच होती म्हणायची.

गावात मात्र सावकाराची वही चाले. त्या वहीत आपल्या नावावर काय मांडलं आहे हे कुणब्याला दिसत नसे, आणि दिसलं तरी वाचता येत नसे. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख मध्यप्रांत-वऱ्हाडात मंत्री असताना कर्जलवादाच्या कायद्यासाठी झटले, आणि १९३३ मध्ये तो कायदा आला. सावकाराला आपलं येणं लवाद मंडळापुढे लेखी मांडावं लागू लागलं. पाठोपाठ १९३४ चा सावकारी कायदा आला. त्याने हिशेब ठेवणं आणि दरवर्षी त्याचा उतारा ऋणकोला देणं सावकारावर बंधनकारक केलं. आपल्या नावावर काय लिहिलंय ते आपल्याला दिसलं पाहिजे, हे तत्त्व वऱ्हाडाने नव्वद वर्षांपूर्वी कायद्यात उतरलेलं पाहिलं आहे. सिबिलच्या बाबतीत तेच तत्त्व यायला कितीतरी वर्षं जावी लागली, आणि या संस्थेच्या इतिहासात मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

बँका आल्यावर शाखाधिकाऱ्याची ओळख, सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांत चढलेला बोजा आणि गावातल्या बाकीच्या बँकांचे नो ड्यूज दाखले यांवर काम चाले. दर्यापूर किंवा तेल्हारा तालुक्यातल्या शेतकऱ्याला एका पीककर्जासाठी तीन-चार शाखांच्या शिक्क्यांमागे हिंडावं लागे. रिझर्व्ह बँक थकबाकीदारांच्या याद्या फिरवायची, पण त्या एक कोटी आणि त्यावरच्या कर्जांच्या. लहान कर्जदाराचं नाव वाईट झालं तरी ते एका शाखेपुरतं राही. त्याची दुसरी बाजूही होती. वीस वर्षं नेकीने फेडणाऱ्याचं चांगलं नावही त्याच शाखेत अडकून पडायचं. अधिकाऱ्याची बदली झाली की ओळख संपली.

एन. एच. सिद्दीकी यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने १९९९ मध्ये पतमाहिती कंपनी काढायची शिफारस केली, आणि त्यातून सिबिल उभी राहिली. पहिली काही वर्षं ती जवळपास रिकामीच होती. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणं हे बँकेचं बंधन, म्हणून ती बाहेर द्यायची तर ग्राहकाची संमती लागे. मग कर्जाच्या अर्जात संमतीचं कलम घालण्यात आलं. बारीक अक्षरातल्या त्या कलमाखाली आपल्यापैकी बहुतेकांनी न वाचता सही केली आहे. व्यक्तींच्या कर्जांचा विभाग एप्रिल २००४ मध्ये सुरू झाला, व्यापारी कर्जांचा २००६ मध्ये.

या सगळ्याला भक्कम पाया मिळाला तो पतमाहिती कंपन्या (नियमन) अधिनियम, २००५ या कायद्याने. तो १४ डिसेंबर २००६ पासून अमलात आला. या कायद्याने बँकांना माहिती देणं भाग पाडलं, पण त्याबरोबर कर्जदारालाही दोन गोष्टी दिल्या: आपला अहवाल मागण्याचा हक्क आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला लावण्याचा हक्क. दुरुस्तीसाठी ३० दिवसांची मुदत कायद्यातच आहे. तरी पुढची दहा वर्षं हा हक्क पैसे मोजून मिळत होता आणि इंग्रजी पत्रव्यवहारात अडकून होता. गावाकडच्या माणसाला तो असून नसल्यासारखाच होता.

३०० ते ९०० या पट्टीवरचा गुणांक सिबिलने बँकांना २००७ पासून द्यायला सुरुवात केली. सर्वसामान्य माणसाला स्वतःचा गुणांक पाहता यायला २०११ उजाडलं. म्हणजे चार वर्षं आपल्याबद्दलचा एक आकडा बँकेच्या पडद्यावर होता आणि आपल्याला तो दिसत नव्हता. २०१० मध्ये एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि हाय मार्क या आणखी तीन कंपन्यांना परवाने मिळाले. तेव्हापासून आपल्या नावाच्या नोंदी चार ठिकाणी असू शकतात आणि चारही ठिकाणचा आकडा थोडाफार वेगळा येऊ शकतो. बोलण्यात मात्र चौघींनाही सिबिलच म्हणतात. ट्रान्सयुनियनने हिस्सा वाढवत ९० टक्क्यांच्या वर नेला आणि कंपनीचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल झालं. स्टेट बँकेच्या आणि एचडीएफसीच्या पुढाकाराने निघालेली कंपनी आज शिकागोच्या ट्रान्सयुनियनच्या मालकीची आहे. माहिती भारतीय कायद्याखाली आहे, देखरेख रिझर्व्ह बँकेची आहे, तरीही कोट्यवधी भारतीयांच्या कर्जाची कुंडली कुणाच्या ताब्यात आहे हे नागरिकांना माहीत असावं.

अमरावती-अकोल्याच्या दृष्टीने खरं वळण आलं ते जानेवारी २०१५ मध्ये. पतमाहितीविषयक आदित्य पुरी समितीच्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने सगळ्या कर्जसंस्थांना चारही कंपन्यांचं सभासद व्हायला सांगितलं. सहकारी बँकाही त्यात आल्या. तोवर सिबिल म्हणजे क्रेडिट कार्ड, गाडी आणि फ्लॅट घेणाऱ्या शहरी माणसाचा विषय होता. त्यानंतर कपाशी आणि सोयाबीनसाठी घेतलेलं पीककर्ज त्या यंत्रात शिरू लागलं.

इथेच अडचण सुरू होते. हे यंत्र दरमहा हप्ता भरणाऱ्या माणसाच्या मापाने बनलेलं आहे. पगारदाराला वर्षाला बारा वेळा आपली नेकी दाखवायची संधी मिळते. कोरडवाहू शेतकऱ्याला ती एकदाच मिळते, आणि तीही मार्चअखेर, जेव्हा कापूस विकून झालेला असतो किंवा भावाच्या आशेने घरात पडलेला असतो. नवं-जुनं करायला त्याच्याकडे रोख नसेल, तर चार-आठ दिवसांसाठी तो बाहेरून महाग व्याजाने पैसे उचलतो, जुनं भरतो, नवं उचलतो आणि बाहेरचं फेडतो. अहवालात त्याची नोंद स्वच्छ दिसते. त्यामागची ओढाताण कुठेच दिसत नाही. उलट ज्याला बाहेरून पैसे मिळाले नाहीत, त्याच्या नावापुढे उशिराचे दिवस मोजले जाऊ लागतात. थकीत मानण्याचा बँकांचा नियम पिकाप्रमाणे आहे. अल्पमुदतीच्या पिकांचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर अनुत्पादक ठरतं, तिथे ९० दिवसांचा नियम नाही. पण दिवस मोजणारा रकाना ही सवलत ओळखत नाही, आणि ट्रॅक्टरचं कर्ज देणाऱ्या कंपनीच्या संगणकाला तोच रकाना दिसतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. वऱ्हाडातलं बरंचसं देणं-घेणं या नोंदीत येतच नाही. कायद्याने ज्यांना कर्जसंस्था म्हणून माहिती द्यायची सक्ती आहे, त्यांत बँका, ग्रामीण बँका, वित्त कंपन्या येतात. गावातली सेवा सहकारी सोसायटी त्या व्याख्येत थेट बसत नाही. नागरी आणि ग्रामीण बिगरशेती पतसंस्थांचंही बहुतांशी तसंच. कृषी सेवा केंद्राची बियाण्या-खताची उधारी आणि सावकाराचं देणं तर कुठेच लिहिलेलं नसतं. सोसायटीच्या गटसचिवाकडे पंधरा वर्षं वेळेवर भरणा केलेला शेतकरी घरबांधणीचं कर्ज मागायला अमरावतीला गेला, तर तो तिथे कोरा ठरू शकतो. त्याने कर्ज कधी बुडवलं नाही, तरी फेडल्याचा पुरावा त्या पानावर नाही. आदर्श पतफेड करणाऱ्या सभासदांची नोंद या यंत्रात कशी जाईल, याचा विचार जिल्हा बँकांनी आणि सहकार खात्याने करायला हवा. अशा सभासदाला सोसायटीच्या भरण्याचा किमान एक प्रमाणित उतारा मिळाला, तर कर्ज देणाऱ्यापुढे ठेवायला त्याच्या हाती काहीतरी राहील.

कर्जमाफीचा विषय यातच येतो. २००८ च्या केंद्राच्या माफीत पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती आणि वरच्यांना ७५ टक्के भरल्यावर २५ टक्के सूट. कोरडवाहू वऱ्हाडात सहा-आठ एकरवालाही गरीबच असतो, म्हणून आपले कितीतरी शेतकरी तेव्हा पूर्ण माफीबाहेर राहिले. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखाची मर्यादा होती. त्यावरची रक्कम आधी स्वतः भरायची होती. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंतची थकबाकी घेतली गेली. ऑनलाइन अर्ज, हिरव्या याद्या, आधार प्रमाणीकरण या सगळ्यांतून पैसा बँकेत जमा व्हायला महिने लागले. घोषणा झाली म्हणून कर्ज नोंदवहीतून उतरत नाही. तोवर खातं थकीतच राहतं आणि तसंच कळवलं जातं. पैसा आल्यानंतर बँकेने सुधारित माहिती पाठवली नाही, तर माफी मिळालेला माणूस वर्षानुवर्षं थकबाकीदार दिसत राहतो. बँकेला त्याच्याकडून काही येणं उरलं नसेल, तर त्या खात्यापुढची शिल्लक आणि थकबाकी दोन्ही शून्य दिसलीच पाहिजे. ती दिसत नसेल तर चूक कळवणाऱ्याची आहे, आणि ती सुधारायची जबाबदारीही त्याचीच.

एकरकमी तडजोडीत मात्र सावध राहावं. बँकेने काही रक्कम सोडून खातं मिटवलं की अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. कर्जदाराला वाटतं, निल झालं. पुढच्या बँकेला त्यातून कळतं की इथे पूर्ण पैसे मिळाले नाहीत. सूट घेणं गैर नाही, अडचणीतल्या माणसाने ती जरूर घ्यावी. पण हा शेरा पडणार हे सही करण्याआधी कळायला हवं, आणि पुढे जमेल तेव्हा सोडलेली रक्कम भरून शेरा ‘बंद’ असा करून घेता येतो हेही. दुष्काळ, अतिवृष्टी, गारपीट यांनंतर पीककर्जाचं पुनर्गठन होतं, तेव्हा नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्गठित असा वेगळा शेरा उपलब्ध आहे. मोर्शी-वरूडचा संत्रा उत्पादक असो की अकोटचा कपाशीवाला, आपल्या पुनर्गठित कर्जापुढे हाच शेरा आहे ना, एवढं त्याने पाहिलंच पाहिजे. आभाळाने केलेलं नुकसान माणसाच्या नियतीवर लिहिलं जाणं हा अन्याय आहे.

बायांच्या गटांची गोष्ट वेगळी लिहायला हवी. सूक्ष्म वित्त कंपन्यांची माहिती हाय मार्कने गोळा करायला घेतली, आणि २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने बचत गटांच्या कर्जाची माहितीही सभासदवार कळवायला सांगितलं. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली. मजुरी थांबली, रोख संपली, आठवड्याचा हप्ता निघेना. पुढच्या काही महिन्यांत विदर्भात, अमरावतीतही, सूक्ष्म वित्ताची कर्जं माफ होणार अशी हवा उठली आणि कितीतरी गटांनी भरणा थांबवला. वसुलीचा जाच खरा होता, बायांचा राग खरा होता. माफी मात्र आली नाही, आणि थांबलेला हप्ता ज्या त्या बाईच्या नावावर नोंदला गेला. माफीसाठी मोर्चे काढणारे पुढे गेले. शिलाई मशीन किंवा म्हैस घ्यायला नवं कर्ज मागताना ती नोंद पुढे आली ती त्या बाईच्या. एप्रिल २०२२ पासून नियम असा आहे की कुटुंबाच्या साऱ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त जाता कामा नये. कर्ज देताना ती बेरीज याच अहवालांवरून होते. चौथ्या-पाचव्या कर्जात अडकण्यापासून बाईला वाचवू शकेल अशी ही तरतूद आहे, म्हणून हा अहवाल काही नुसता शत्रू नाही.

आता ते पान वाचायचं कसं. रिझर्व्ह बँकेने १ सप्टेंबर २०१६ ला आदेश काढला आणि जानेवारी २०१७ पासून चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल गुणांकासह फुकट देणं बंधनकारक झालं. चार कंपन्या, म्हणजे दर तीन महिन्यांनी एक फुकट पाहता येतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत, ही भीती मनातून काढून टाका. सगळ्यांची नजर आधी आकड्यावर जाते. मी सांगेन, आकडा शेवटी पाहा. आधी नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते आणि मोबाइल नंबर वाचा. आपल्याकडे अख्खं गाव दोन-तीन आडनावांचं असतं, वडिलांचं नाव कधी मधे येतं, कधी गळतं, इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक शाखेत वेगळं. अशा ठिकाणी दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर चिकटणं अजिबात दुर्मीळ नाही.

मग खाती. प्रत्येक कर्जापुढे मंजूर रक्कम, शिल्लक, थकबाकी आणि आपलं नातं लिहिलेलं असतं: एकट्याचं, संयुक्त, की जामीनदार. हा शेवटचा शब्द वऱ्हाडात जपून वाचावा. साळ्यासाठी, मित्रासाठी, गावच्या नात्याने केलेली सही इथे आपलं कर्ज म्हणून उभी असते. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच आहे. खात्याखाली छत्तीस महिन्यांच्या चौकटी असतात. त्यांत तीन शून्यं म्हणजे उशीर नाही, आकडा म्हणजे तितक्या दिवसांचा उशीर. इंग्रजी एक्स हे अक्षर तीनदा असेल तर त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही, आणि त्यात कर्जदाराचा काही दोष नाही. बँकांची विलीनीकरणंही तपासावीत. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, अलाहाबाद बँक २०२० मध्ये इंडियन बँकेत, आणि १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत. एकच कर्ज जुन्या आणि नव्या नावाने दोनदा दिसत नाही ना, हे पाहायला दोन मिनिटं लागतात. सर्वांत खाली चौकशांची यादी असते. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल घेताना विक्रेता एकाच दिवशी तीन-चार वित्त कंपन्यांकडे आपले कागद पाठवतो, आणि प्रत्येकीची चौकशी इथे चढते. कागद देण्याआधी कोणाकडे पाठवणार ते विचारा.

काय नसतं तेही सांगतो. बचत खात्यातली रक्कम, मुदतठेव, शेतीची किंमत, सोनं, पगार यांतलं काहीही तिथे नसतं. कर्ज द्यायचं की नाही हेही सिबिल ठरवत नाही, ते बँक ठरवते. सिबिल स्वतःहून नोंद बदलूही शकत नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेने मान्य केल्यावरच बदलते. म्हणून ‘सिबिल दुरुस्त करून मिळेल’ असे फलक लावून हजारो रुपये घेणाऱ्यांच्या नादी लागू नये. जी तक्रार ते करतात ती आपल्याला फुकट करता येते. सोयरिकीच्या वेळी दुसऱ्याचा अहवाल गुपचूप काढणंही कायद्यात बसत नाही. तो त्या माणसाच्या संमतीने, किंवा सभासद संस्थेलाच आपल्या कामापुरता पाहता येतो.

या कंपन्यांच्या चुकांबद्दल कर्जदारांनी वर्षानुवर्षं केलेली ओरड खरी होती, हे जून २०२३ मध्ये अधिकृत झालं. माहिती अचूक ठेवण्यातल्या त्रुटींबद्दल रिझर्व्ह बँकेने चारही कंपन्यांना मिळून एक कोटीवर दंड केला. त्यात ट्रान्सयुनियन सिबिलचे २६ लाख होते. २६ ऑक्टोबर २०२३ च्या आदेशाने नुकसानभरपाई आली. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही, तर त्यापुढे दर दिवशी १०० रुपये तक्रारदाराला द्यायचे. बँकेने २१ दिवसांत सुधारित माहिती दिली नाही तर भार बँकेवर, नाहीतर पतमाहिती कंपनीवर. एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. आपला अहवाल कोणी पाहिला किंवा बँकेने थकबाकी कळवली, की मोबाइलवर संदेश यायला हवा, हे त्याच दिवशीच्या दुसऱ्या आदेशात आहे. सिम बदललं असेल तर बँकेत नवा नंबर नोंदवा, नाहीतर हा संदेश भलत्याच फोनवर जाईल. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवायची आहे, म्हणजे भरणा करूनही नोंद महिनोन्महिने जुनीच राहण्याची सबब आता उरलेली नाही. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्या आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आहेत. अमरावती आणि अकोला जिल्हा बँकेच्या कर्जदारांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिचा गाजावाजा व्हायला हवा तितका झालेला नाही.

पीककर्जाला सिबिल लावू नये, ही मागणी इथली जुनी. १९ मे २०२५ च्या राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना तसं बजावलं आणि अट घातल्यास गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला. प्रत्यक्षात शाखा अहवाल पाहतातच. माझं मत असं की पाहण्याला हरकत नसावी. हरकत आकड्यावरून दार लावण्याला आहे. कर्जासाठी किमान इतके गुण हवेत असा रिझर्व्ह बँकेचा कुठलाही नियम नाही, आणि पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ नोंद नाही म्हणून नाकारू नये, असं केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेतही स्पष्ट केलं. शैक्षणिक कर्जाबाबत केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंच आहे की कमी सिबिलवरून विद्यार्थ्याला कर्ज नाकारता येणार नाही. पुण्याला शिकायला निघालेल्या आपल्या पोरांच्या वडिलांनी, ज्यांचं स्वतःचं पीककर्ज थकलं आहे, हा आदेश बँकेत जाताना लक्षात ठेवावा. आदेश केरळचा आहे, इथे तो बंधनकारक नाही, पण दाखवता येतो. नकार मिळाला तर कारण लेखी मागावं.

पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज पडतं. ज्यांच्या नावाने ही योजना आहे, त्यांच्याच काळात सावकाराची वही कर्जदारापुढे उघडली गेली. सिबिलची वहीही आता कायद्याने उघडी आहे. अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्यांना, गटातल्या ताईंना आणि जामीनदार होऊन बसलेल्या प्रत्येकाला विनंती आहे की खरिपाची धावपळ सुरू होण्याआधी आपला फुकटचा अहवाल काढा. मोबाइलवर जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून काढून घ्या, पण ओटीपी परक्याला सांगू नका. कर्ज फेडल्यावर बेबाकीचा दाखला घ्या आणि तो सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर जपून ठेवा. नोंद चुकलेली दिसली तर शाखेत लेखी तक्रार द्या, तारखेसह पोच घ्या आणि तीच तक्रार पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावरही नोंदवा. ३० दिवसांत काही झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यांचा क्रमांक १४४४८ आहे आणि तिथे तक्रार करायला पैसे लागत नाहीत.